व्हायकिंग, व्हॅरँजियन आणि शेवटी आलेली नांदी

प्रश्न असा आहे: फिनलंडच्या तुरिसास या फोक मेटल (लोकसंगीत मिसळलेलं हेवी मेटल) बँडच्या 'द व्हॅरँजियन वे' (2007) या अल्बमवर मराठीत लिहायचं आहे. त्यातल्या मंडळींना 'व्हायकिंग जमात' म्हटलं तर चालेल का? 'व्हॅरँजियन'ला मराठी शब्द आहे का? आणि 'महत्त्वाकांक्षी पण सदोष अल्बम' हे मराठी वाटतं का?

'जमात' नकोच. जुन्या नॉर्स भाषेत 'व्हीकिंग' हे एका उद्योगाचं नाव होतं. 'फारा ई व्हीकिंग' म्हणजे लुटीच्या मोहिमेवर जाणं, आपल्या बखरींच्या भाषेत मुलूखगिरीवर निघणं. फक्त घोड्यांच्या जागी गलबतं. जो जाई तो 'व्हीकिंग्र'. घरी परतून नांगर धरला की तोच माणूस शेतकरी. आइसलंडच्या सागांमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या गद्यकथांमध्ये, हा शब्द परक्या चाच्यांनाही लावलेला दिसतो. उत्तर युरोपातल्या त्या काळच्या सगळ्यांना सरसकट व्हायकिंग म्हणायची सवय एकोणिसाव्या शतकातल्या रोमँटिक लेखनाने रुळवली. तेव्हा 'व्हायकिंग काळ', 'व्हायकिंग मोहिमा' खुशाल लिहा. लोकांसाठी 'नॉर्स' किंवा 'स्कँडिनेव्हियन' बरं.

त्यात या अल्बममधली माणसं मुलूखगिरीला निघालेलीही नाहीत. बाल्टिक समुद्राकडून रशियातलं नोव्हगोरोद, मग तिथला राजा यारोस्लावचा दरबार, मग नीपर नदीतले खडकाळ खळाळ आणि अखेर बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल), असा त्यांचा रस्ता आहे. या पूर्वेकडच्या वाटेवरच्या लोकांना रशियन भाषेत 'वर्याग' म्हणतात, तेच हे व्हॅरँजियन. नॉर्स रूप 'व्हेरिंगी', आणि त्यात 'व्हार' म्हणजे शपथ, वचन. शपथेने एकमेकांना बांधलेले, असा त्याचा अर्थ लावतात. 988 च्या सुमारास कीव्हच्या व्लादिमीरने बायझंटाइन सम्राट दुसऱ्या बेसिलकडे असे सुमारे 6000 लढवय्ये पाठवले आणि त्यांतून सम्राटाचं खास पथक उभं राहिलं. 1066 नंतर इंग्लंडमधून परागंदा झालेले सॅक्सनही त्यात भरती झाले. म्हणजे इथे 'व्हायकिंग' लिहून अर्धं पथक बाहेर राहतं.

मराठीत जवळ जाणारे शब्द दोन. एक 'हुजुरात', धन्याची स्वतःची फौज. पण त्यातून परकेपणा कळत नाही. दुसरा 'गारदी'. बाहेरून आलेले, पगारी, वाड्यावर पहारा देणारे: अर्थ जवळजवळ चपखल बसतो. पण 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाल्यापासून 'गारदी' म्हटलं की मराठी माणसाला मालकावर उलटलेली तलवारच दिसते, आणि व्हॅरँजियनांचा लौकिक इमानाचा. मी 'सम्राटाच्या हुजुरातीतले परदेशी शिपाई' असा एकदा खुलासा करेन आणि पुढे 'व्हॅरँजियन'च लिहीन. मराठमोळं रूप द्यायच्या हौसेने 'वारांगी' मात्र करू नका. वाचकाला वारांगना आठवेल आणि सगळं परीक्षण तिथेच आडवं होईल!

गाण्यांच्या नावांत मात्र खजिना आहे. कॉन्स्टँटिनोपलला नॉर्स लोक 'मिक्लागार्ड' म्हणत. यातला 'मिकिल' म्हणजे मोठा आणि आपला 'महा' एकाच मुळाचे. 'गार्ड' म्हणजे कुंपणातली जागा, वस्ती, आणि तो 'गृह'चा, पर्यायाने 'घर'चा नातलग. (पहारेकरी 'गार्ड'चा त्याच्याशी संबंध नाही, ते कूळ वेगळं.) रशियन 'गोरोद'ही याच घराण्यातला. म्हणजे नोव्हगोरोद हे शब्दाला शब्द लावलं तर आपलं 'नवघर'. उरणजवळचं घ्या किंवा भाईंदरचं. 'टू होल्मगार्ड अँड बियाँड' या पहिल्या गाण्यातलं होल्मगार्ड म्हणजे हेच नोव्हगोरोद, आणि 'इन द कोर्ट ऑफ यारिस्लाइफ'मधला यारिस्लाइफ म्हणजे यारोस्लाव. ही दुहेरी नावं परीक्षणात उलगडून द्या.

'फोक मेटल' तसंच ठेवा. 'लोकधातुसंगीत' वाचून कुणाला तांब्याभांड्यांचं दुकान आठवलं तर दोष त्याचा नाही.

आता 'सदोष'. शब्द शुद्ध आहे, पण मराठीत तो विजेच्या मीटरला लागतो, नाहीतर पोलिसांच्या कलमात 'सदोष मनुष्यवध' म्हणून येतो. गाण्याला लावला की ते तपासणीचा शेरा मारून परत पाठवल्यासारखं वाटतं. 'महत्त्वाकांक्षी' वृत्तपत्रांनी प्रकल्पांना लावून लावून रुळवलाय, तो चालेल. तरी मी 'झेप मोठी, सगळी पेललेली नाही' असं काहीतरी लिहीन, कारण त्यात काय पेललं नाही ते पुढच्याच वाक्यात सांगणं भाग पडतं. माझ्या कानांना तरी ते असं: पहिल्याच गाण्यात समूहगान आणि वाद्यवृंदाचा थाट इतका वर चढतो की राजधानी दिसेपर्यंत चढायला पायरीच उरत नाही. व्हायोलिन आणि अकॉर्डियन, म्हणजे ज्यांच्या जिवावर याला 'फोक' म्हणायचं, ती त्या गर्दीत अधूनमधून बुडतात. आठच गाण्यांत एवढा प्रवास बसवण्याची हिंमत मात्र दाद देण्याजोगी, आणि 'अ पोर्टेज टू द अननोन'मध्ये, एका नदीतून दुसरीत नावा जमिनीवरून ओढून नेताना, कथा आणि ताल खरोखर एकमेकांत बसतात.

एक राहिलं. शेवटचं गाणं 'मिक्लागार्ड ओव्हर्चर'. ओव्हर्चर ऑपेराच्या आरंभी वाजतं, आपल्या संगीत नाटकाच्या हिशेबाने ती नांदी, आणि इथे ती भरतवाक्याच्या जागेवर आली आहे. शहरात पोहोचल्यावरची गोष्ट पुढे याच बँडच्या 2011 च्या 'स्टँड अप अँड फाइट' या अल्बममध्ये येते, तेव्हा त्या अर्थाने नाव फिट बसतं. पण नुसतं 'शेवटी नांदी' लिहिलंत तर वाचक छपाईची चूक समजेल. त्या पुढच्या अल्बमचा उल्लेख त्याच वाक्यात करा.