सिस्टर फक्त बाळांसाठीच का?

प्रश्न : आमच्या उपकेंद्रातील सिस्टर बाळांना लस देतात, आम्हा मोठ्यांना त्यांचा काय उपयोग? (एक वाचक, आर्वी तालुका)

उत्तर : पुष्कळ आहे. १० व्या व १६ व्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस, तिशीनंतर रक्तदाब व मधुमेहाची तपासणी, हीही त्यांचीच कामे. विदर्भात मात्र मी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी आधी सांगेन. बोटातून घेतलेले थेंबभर रक्त नळीतील द्रावणात मिसळल्यावर ते गढूळ झाले, तर इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीने व्यक्ती रुग्ण आहे की वाहक (म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेली), हे ठरते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून कापूस वेचणीच्या धांदलीतूनही सवड काढून, सोयरिकीची बोलणी सुरू होण्याआधीच ही तपासणी करून घ्यावी. वाहक व्यक्ती सहसा निरोगीच असते, तेव्हा तेवढ्यावरून मुलीला नाकारणे (आणि बोल नेमका मुलीलाच लागतो) सर्वस्वी गैर आहे.