वर्डमधली मराठी फाइल जेपीजी केली की अक्षरं फुटतात, कोणतं अ‍ॅप वापरावं?

अ‍ॅपचं नाव नंतर. आधी तुम्ही फाइलचा स्क्रीनशॉट काढत असाल तर ते आजच थांबवा.

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला मानपत्र द्यायचं ठरलं. ते 34 वर्षं मराठीचे शिक्षक होते. मजकूर मी तीन रात्री बसून वर्डमध्ये लिहिला. छपाई आणि फ्रेमचं काम चुलतभावाकडे होतं. फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात होती. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फाँट नव्हता, त्यामुळे तिथे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायला लागली. भावाने घरी येऊन लॅपटॉपवर अख्खं पान मावेल इतकं लहान केलं, स्क्रीनशॉट काढला आणि तोच ए-3 आकारात छापून आणला.

हिशोब करा. 1366 बाय 768 चा स्क्रीन, वरच्या-खालच्या पट्ट्या सोडून पानाला उरली साधारण 600 पिक्सेल, म्हणजे ठिपके, उंची, म्हणजे रुंदी सव्वाचारशेच्या आसपास. ए-3 कागद पावणेबारा इंच रुंद. इंचाला जेमतेम 36 ठिपके! छपाईला 300 लागतात.

कार्यक्रमात आजोबांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. ‘विद्यार्थ्यांच्या’पाशी बोट थांबलं. त्या शब्दात रफार आणि अनुस्वार शेजारी बसतात. तिथे एकच काळा डाग होता. ‘द्या’चा ‘द्धा’ वाटत होता. ते काही बोलले नाहीत, पुढच्या ओळीवर गेले. मला मात्र तिथे उभं राहवेना.

भाऊ म्हणाला, “ताई, फ्रेम भिंतीवर लागणार. लांबून कोण वाचतंय?” वर, फोटोशॉपमध्ये शार्प करून घेतलं असतं तर चाललं असतं, असं तो आजही म्हणतो. नसतं चाललं. वर्डमध्ये अक्षर म्हणजे फाँटातली रेघ असते, हवी तेवढी मोठी करा. इमेज झाली की ठिपके मोजून ठरलेले. जो रफार ठिपक्यांत उतरलाच नाही, तो शार्प करून कुठून येणार?

तर, वर्डमधून आधी पीडीएफ करा, त्यात फाँट सोबत जातो. ती पीडीएफ गिंप (GIMP) या कॉम्प्युटरवरच्या फोटो एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये उघडा, फुकट आहे. उघडतानाच रेझोल्यूशन, म्हणजे इंचाला किती ठिपके, ते विचारतं, तिथे 300 टाका. पानं जास्त असतील तर ‘लेयर्स’ऐवजी ‘इमेजेस’ निवडा. ए-4 पान 2480 बाय 3508 पिक्सेलचं यायला हवं. ए-3 वर छापणार असाल तर पानच ए-3 चं ठेवा. आणि जेपीजी नको, पीएनजी करा. जेपीजी काळ्या अक्षरांच्या कडेला राखाडी कचरा सोडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सरकारी फॉर्मला 50 केबीची मर्यादा असेल तर यातलं बरंच लागू नाही, तिथे जेपीजीच करावं लागतं. आणि भावाची एक गोष्ट बरोबर होती, दुकानात वर्डची फाइल तशीच द्यायची नव्हती. पण पीडीएफ घेता का, एवढं त्याने विचारायला हवं होतं. बहुतेक ठिकाणी घेतात, मग इमेजची गरजच पडत नाही.

देण्याआधी 100 टक्के झूमवर एखादं अवघड जोडाक्षर शोधून बघा. मी ‘विद्यार्थ्यांच्या’ बघते.