वाचकांचे प्रश्न : आडनावाचा माग, दप्तरात आणि डीएनएत

आमचं आडनाव पाटील. मूळ आडनाव वेगळं होतं असं घरात सांगतात, पण कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही. डीएनए चाचणीतून ते कळेल का? (तासगाव)

नाही. चाचणी दोन माणसांची तुलना करते, आडनाव सांगत नाही. ज्याचं मूळ आडनाव कागदोपत्री पक्कं आहे अशा कुणाशी तुमची पितृरेषा जुळली, तरच काही अंदाज बांधता येतो. चाचणी करून घेतलेले मराठी पुरुष अजून फार थोडे आहेत. कंपनीच्या यादीत आपसूक कुणीतरी सापडेल या आशेवर पैसे घालू नका.

पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले ही नावं हुद्द्यावरून पडली. तुमच्याच जिल्ह्यात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा सगळ्या समाजांत पाटील आहेत. आडनाव एक म्हणून कूळ एक, असं त्यांच्या बाबतीत धरताच येत नाही. याच्या उलटही घडतं. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरच्या पाटीलकीवरून डफळे झाले. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. तेव्हा आधी दप्तर चाळा. दप्तरातून नेमका प्रश्न हाती आला की मग डीएनएकडे वळा.

मग सुरुवात कुठून करायची? रेकॉर्ड रूममध्ये "जुने कागद द्या" म्हटलं तर कुणी दाद देत नाही. (पलूस)

तसं मागून मिळणारही नाही. गाव, तालुका, नमुना आणि क्रमांक, एवढं अर्जात असलं की काम पुढं सरकतं.

आजचा सातबारा घ्या. त्यावर नावांजवळ फेरफारांचे, म्हणजे हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक असतात. वारसाचा फेरफार काढला की मयताचं नाव, मृत्यूचा काळ आणि सगळे वारस मिळतात. त्यात मुलीही असतात, म्हणून तो सातबाऱ्यापेक्षा मोलाचा. त्या फेरफारावरून त्याआधीच्या सातबाऱ्यावर जा, तिथून आणखी मागच्या फेरफारावर. कंस केलेली नावं सोडू नका, आपल्याला हवी ती बहुधा तीच असतात. बऱ्याच गावांचे स्कॅन केलेले फेरफार आणि जुने सातबारे महाभूमीच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर पाहता येतात. तिथं नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा.

पहिली अडचण येते ती गटवारीपाशी. 1947 च्या एकत्रीकरण कायद्यानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट नंबर घेऊन त्याआधीचा कागद मागितला तर "आढळ होत नाही" असा शेरा मिळतो. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा काढा. त्यात जुना सर्व्हे नंबर समोरच दिसतो. तो हाती आला की हक्कनोंदणीचे पहिले कागद आणि कडईपत्रक (जमीनधारकांच्या नावांचा जुना कागद) मागता येतं.

दुसरी अडचण 'ए.कु.मॅ.' या शेऱ्याची. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं असतं. धाकट्यांची शाखा कागदावर नाही म्हणजे ती नव्हतीच, असं समजू नका. तिची खूण गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे जन्म-मृत्यूच्या कोतवाल बुकात, किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडते.

तिसरी अडचण जिल्ह्याची. सांगली जिल्हा 1949 साली 'दक्षिण सातारा' म्हणून झाला आणि 1960 साली त्याचं नाव बदललं. तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हा भाग तोवर साताऱ्यात होता. तुमचं गाव यांपैकी कुठल्या तालुक्यातून निघालं ते पाहा, आणि त्याआधीचे जिल्हा पातळीवरचे कागद साताऱ्यालाही विचारा. सांगली, मिरज आणि जत ही संस्थानं, तर आटपाडी औंध संस्थानात. तिथली महसुलाची व्यवस्था वेगळी होती, त्यामुळे ब्रिटिश मुलखातले नमुने त्या नावाने तिथं मिळतीलच असं नाही. गाव 1948 पूर्वी कुणाकडे होतं हे आधी ठरवलं तर निम्मे हेलपाटे वाचतात.

घरात वतन असेल तर 1874 च्या वतन कायद्याखालची रजिस्टरं मागा. पाळी कुणाची, वारस कोण, यावरून भांडणं होत, म्हणून त्यांत वंशावळी जोडलेल्या असतात. कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्याने संपली. त्याच्याही मागे जायचं तर पुण्याचं पेशवे दप्तर. तिथं महजर (पंचांसमोर झालेले निवाडे) आणि करीने (पक्षकारांनी लिहून दिलेल्या हकिकती) शोधा. वतनाच्या तंट्यात वादी-प्रतिवादींनी आपापल्या पिढ्या सांगितलेल्या असतात. अर्थात दोघंही आपल्या सोयीचं सांगत, तेव्हा दोन्ही बाजू वाचून मगच पिढी मांडा.

मोडी जाणकाराकडून वाचून घेतलं, पण आमचं आडनाव कुठेच नाही. तारखाही लागत नाहीत. (कोरेगाव)

आडनाव नसणं हे नेहमीचंच. जुन्या कागदात 'रामजी बिन म्हाळोजी पाटील' एवढंच येतं. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. आडनाव शोधत बसू नका. बापलेकांची जोडी आणि जमीन या दोन गोष्टी धरून चला. आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने रामजी-म्हाळोजी हीच जोडी दोन पिढ्यांनी पुन्हा येते आणि दोन माणसं एक समजली जातात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं होत नाही आणि शब्दही तोडलेले नसतात. म्हणून वाचकाकडून नुसता सारांश घेऊ नका, ओळीला ओळ असं लिप्यंतर मागा.

तारखेचं म्हणाल तर शकात 78 मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतला वेगळा सन, अरबी अंकशब्दांत, एककापासून सुरू करून लिहितात. 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे सहा, सत्तर, शंभर, हजार : 1176. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृग ते डिसेंबर 599 मिळवायचे आणि त्यानंतर 600, म्हणजे हा कागद 1775-76 चा. राज्याभिषेक शकाचं पहिलं वर्ष 1674. हे तीन शक एकमेकांत मिसळले की वंशावळीत नातू आज्याआधी जन्मतो.

वाळव्यातली आमची भावकी आणि कोरेगावकडची एक भावकी मूळची एकच, असं दोन्हीकडे म्हणतात. कागद 1850 च्या मागे जात नाही. कोणती चाचणी करावी? (वाळवा)

हा डीएनएला विचारण्याजोगा प्रश्न. वाय गुणसूत्राची चाचणी करा. बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जाणारं ते एकच गुणसूत्र, म्हणून नमुना पुरुषाचाच लागतो. दोन्ही भावक्यांतून दोन-दोन पुरुष निवडा, आणि तेही सख्खे चुलतभाऊ नकोत, शक्य तितक्या लांबच्या शाखांतले. म्हणजे एखाद्या शाखेत मध्येच काही बदललं असेल तर ते उघडं पडतं.

निदान 37 मार्करांची, म्हणजे गुणसूत्रावरच्या 37 ठरावीक जागा तपासणारी, चाचणी घ्या. 12 मार्करांची स्वस्त पडते, पण 12 पैकी 12 जुळणं परक्या माणसांतही घडतं. 37 पैकी 36-37 जुळले तर गेल्या काही शतकांत पूर्वज एक असण्याची शक्यता दाट. 33-34 वर अडलं तर त्याच नमुन्यावर 111 पर्यंत वाढवून घ्या. दहा-बारा मार्कर वेगळे निघाले तर त्या दोघांची पितृरेषा इतिहासकाळात तरी एक नाही. अहवालात दोघांचाही हॅप्लोग्रुप, म्हणजे पितृरेषेचा मोठा गट, 'आर1ए' किंवा 'एच' आला म्हणून आनंदू नका. हे गट हजारो वर्षांचे आहेत आणि अनेक जातींत आढळतात.

जुळलं नाही तरी भावकी खोटी ठरत नाही. घरजावयाच्या मुलांनी आजोळचं नाव लावलेलं असतं, किंवा दत्तक आलेला असतो. मात्र दत्तक भावकीतलाच असेल तर वाय जुळतंच. साताऱ्याच्या गादीवर 1777 साली दुसरे शाहू दत्तक आले ते वावीच्या भोसले शाखेतून. असा दत्तक चाचणीत दिसणारच नाही, तो फक्त कागदात दिसतो. आणि एखाद्या घरी बाप वेगळा निघू शकतो, हे नमुना घेण्यापूर्वी चौघांनाही स्पष्ट सांगा. अहवाल आल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

नमुन्याआधी तासभर खाणं-पिणं, तंबाखू, मिश्री बंद. वयस्कर माणसाला थुंकी भरून देणं जमत नाही, गालाच्या आतून काडी फिरवायचा संच मागवा. दोन्ही गालांना पुरता मिनिटभर घासा. घाईने घासलेली काडी हेच नमुना वाया जाण्याचं नेहमीचं कारण. बाटल्यांवर नावं आधी लिहून ठेवा.

चाचणीत एकजण माझा 'दुसरा चुलतभाऊ' दाखवला. जात एक, पण नातं काहीच लागत नाही. (सांगली)

ही सर्वसाधारण गुणसूत्रांची चाचणी. तिचे आडाखे युरोपीय वस्तीवर बेतलेले. दुसऱ्या चुलतभावाशी (ज्याचा आणि तुमचा पणजोबा एक) सरासरी 230 सेंटिमॉर्गन (डीएनएच्या सामाईक तुकड्यांची लांबी मोजायचं माप) जुळतात, तिसऱ्याशी सुमारे 75. आपल्याकडे शतकानुशतकं जातीतच सोयरीक, त्यात मामाची मुलगी करायची रीत. त्यामुळे लहान लहान तुकडे दहा वाटांनी येऊन साठतात आणि बेरीज फुगते. बेरीज पाहू नका, सर्वांत लांब तुकडा पाहा. तो 15-20 सेंटिमॉर्गनच्या आत असेल तर नातं शोधायच्या फंदात पडू नका. तसंही या चाचणीत बायकांकडूनचा वारसाही येतो, त्यामुळे आडनावासाठी तिचा उपयोग थोडा. शिवाय तिसऱ्या चुलतभावांच्या सुमारे दहा टक्के जोड्यांत काहीच जुळत नाही, तेव्हा "जुळलं नाही" याचाही फार अर्थ लावू नये.

हेळव्याच्या वहीवर कितपत विसंबावं? (कवठेमहांकाळ)

नावांवर बरंचसं, कुळाच्या उगमकथेवर अजिबात नाही. हेळवी धान्य घेऊन पिढ्या लिहून जातो, त्यामुळे त्याच्या समोर जन्मलेल्या माणसांची नोंद चांगली असते. वाचताना मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि पानाचा फोटो मागा. त्यातली निदान दोन नावं फेरफाराशी ताडून बघा. त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या उपाध्यांच्या वह्यांनाही हाच नियम. तिथं आडनावापेक्षा गावाचं नाव सांगितलं की वही लवकर सापडते.

डीएनए अहवाल जातीच्या दाखल्याला किंवा वाटणीच्या दाव्याला चालेल का? (वाई)

जातीच्या दाखल्याला नाही. पडताळणी समिती कागद पाहते, तोही मानीव दिनांकापूर्वीचा : अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967. दाव्यात घरी मागवलेल्या संचाचा अहवाल उपयोगाचा नाही, कारण नमुना खरोखर कुणाचा हे सिद्ध करता येत नाही. न्यायालयाने आदेश दिला तरच चाचणी, आणि तीही न्यायवैद्यक प्रयोगशाळेत.