पिल्लाच्या मागच्या पायांना जादा बोटं आहेत, काळजी करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मानेवाड्यातल्या तुमच्या घरी दीडेक महिन्याचं गावठी पिल्लू आणलंय. त्याच्या मागच्या दोन्ही पायांना आतल्या बाजूनं, जमिनीपासून जरा वर, एकेक जादा बोट आहे. डाव्या पायाचं घट्ट आहे, उजव्याचं नुसतं लोंबतं. हा आजार आहे का, बोटं कापून घ्यावीत का, आणि शेजारचे काका म्हणतात तसं "वीस नखी" कुत्रं घरात ठेवू नये हे खरं का?

आजार नाही. पिल्लू धडधाकट असेल, खात-पीत, खेळत असेल तर या बोटांनी त्याचं काही बिघडत नाही. बोटापेक्षा त्याच्यावरच्या नखाकडे लक्ष ठेवा, त्रास होतो तो नखानं.

मी डॉक्टर नाही. नागपुरात रस्त्यावरची पिल्लं काही दिवस घरी सांभाळून त्यांना चांगली घरं शोधून देते. त्यामुळे असे पंजे हातात घेऊन बघायची सवय झालीय आणि डॉक्टरांना विचारून विचारून बरंच कळत गेलंय. तेवढ्यावरून लिहिते.

आधी त्याचे चारही पंजे एकदा नीट बघा. पुढच्या पायांनाही आतल्या बाजूनं, मनगटाच्या जरा खाली, एकेक बोट वर चढलेलं दिसेल. ते जादा नाही. आपल्या अंगठ्याच्या जागेचं ते बोट आहे आणि जवळपास प्रत्येक कुत्र्याला असतं. डॉक्टर त्याला ड्यू-क्लॉ म्हणतात. चारही पायांना जमिनीवर टेकणारी चार-चार बोटं आणि पुढचे हे दोन अंगठे मिळून साधारण कुत्र्याची नखं अठरा होतात. मागच्या पायांना हा अंगठा सहसा नसतो. तुमच्या पिल्लाला तो आहे, म्हणून काकांनी वीस मोजली.

तो येतो रक्तातून, म्हणजे आई-बापाकडून. गर्भात पाय तयार होत असताना अंगठ्याची बाजू कुठली आणि बोटं किती, हे ठरवणारं एक जनुक असतं. ते कुठे आणि किती काम करेल हे ज्या भागावरून ठरतं, त्यात बारीकसा बदल असला की आतल्या बाजूला जादा बोट फुटतं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे बदल नेमके सापडले, आणि आशियाई जातींमधला बदल पाश्चात्त्य जातींमधल्या बदलाहून वेगळा निघाला. म्हणजे ही गोष्ट कुत्र्यांमध्ये एकापेक्षा जास्त वेळा आपोआप घडलेली आहे. आई-बापांपैकी एकाकडून जरी हा बदल आला तरी पुरतो. मात्र तो असूनही काही पिल्लांना बोट येत नाही, म्हणून एकाच वेताच्या सहा पिल्लांत दोघांना जादा बोटं आणि चौघांना नाहीत असं सर्रास दिसतं. गरोदरपणी आईला काही कमी पडलं, ग्रहण लागलं, कुणी लाथ मारली, असल्या गोष्टींशी याचा काहीही संबंध नाही.

लांडग्याच्या मागच्या पायाला हे बोट सहसा नसतं. इटलीत संशोधकांनी मागे अंगठा असलेले लांडगे तपासले तेव्हा त्यांच्यात कुत्र्याचं रक्त मिसळल्याच्या खुणा सापडल्या. आपल्या विदर्भाच्या माळरानांवरही लांडगे आहेत, म्हणून मला हे वाचून फार कुतूहल वाटलं होतं. उलट काही कुत्र्यांच्या जातींत ही बोटं हवीच असतात. फ्रान्सच्या बोसरॉन आणि ग्रेट पिरनीज या राखणदार कुत्र्यांच्या मागच्या पायांना दोन-दोन जादा अंगठे असणं हेच त्यांच्या जातीचं लक्षण मानतात. नॉर्वेच्या लुंडेहुंडला तर प्रत्येक पायाला किमान सहा बोटं असतात. समुद्रकाठच्या कड्यांवर चढून पफिन पक्षी पकडायला त्याला पाळत आणि तिथे त्या बोटांचा उपयोग होई. यावरून एक सावधगिरी सांगते. मागचे अंगठे दाखवून गावठी पिल्लू "सेंट बर्नार्डचं क्रॉस" म्हणून महागात विकायचा प्रयत्न होतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांतही हे बोट भरपूर आढळतं, त्यावरून जात ठरत नाही.

आता तुमच्या पिल्लाच्या दोन पायांमधला फरक. तो महत्त्वाचा आहे. पिल्लू झोपेला आलं की मांडीवर घ्या, बोट चिमटीत धरा आणि अगदी हलक्या हातानं मागे-पुढे करा. डाव्या पायाचं बोट घट्ट आहे म्हणालात, तिथे आत बारीक हाड जाणवेल आणि ते पायाच्या हाडाशी जोडलेलं असेल. उजव्याचं कानातल्या डुलासारखं सगळीकडे फिरत असेल तर ते बहुधा फक्त कातडीनं धरलंय. घट्ट बोटाला काहीच करायचं नसतं. लोंबतं बोट कशात तरी अडकून ओढलं जाण्याची भीती मात्र असते.

आपल्याकडे ते कशात अडकतं ते सांगते. मे महिन्यात आपण कुत्र्यासाठी ओलं पोतं अंथरतो. त्याच्या विणीत नखाचा आकडा बरोबर रुततो. पिल्लू दचकून पाय ओढतं आणि नख मुळापासून उचकटतं. रक्त खूप येतं, पिल्लू अख्खी गल्ली डोक्यावर घेतं. पोत्याऐवजी जुनी सुती चादर भिजवून अंथरली, चांगली घट्ट विणीची, तर हा प्रकार टळतो. लोकरी स्वेटर आणि सोफ्याच्या जाळीदार कापडापासूनही जपा.

खरी काळजी घ्यायची ती नखाची. बाकीची नखं चालताना रस्त्यावर घासून झिजतात. हे बोट जमिनीला टेकतच नाही, म्हणून त्याचं नख कधी झिजत नाही. ते वाढत जातं, वाकतं, आणि कुणी बघितलं नाही तर गोल वळून स्वतःच्याच कातडीत घुसतं. केसाळ कुत्र्यात तर ते केसांखाली लपतं आणि घरच्यांना पत्ताच लागत नाही. कुत्रं सारखं तो पाय चाटू लागलं, पाय उचलून चालू लागलं, तिथून घाण वास आला, तर समजा. पावसाळ्यात हे फार लवकर चिघळतं. जुलै ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत छोट्याशा जखमेवरही माशी अंडी घालते आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. अशा जखमेत फिनाईल किंवा पेट्रोल ओतायचा सल्ला हमखास मिळेल. अजिबात ओतू नका. त्यानं कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटातही जातं. सरळ डॉक्टरकडे न्या. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन देऊ नका, कुत्र्यांना ती घातक ठरतात.

नख कापणं अवघड नाही. कुत्र्यांचा नेलकटर वेगळा मिळतो, तोच घ्या. माणसांच्या नेलकटरनं नख चेपून चिरतं. पांढऱ्या नखात मुळाकडे गुलाबी भाग दिसतो, तिथे रक्तवाहिनी असते, तिच्या अलीकडेच थांबायचं. नख काळं असेल तर आतलं दिसत नाही. मग टोकाचं अगदी जरासं कापा, कापलेल्या जागेकडे समोरून बघा, पुन्हा जरासं कापा. मध्यभागी ओलसर गडद ठिपका दिसू लागला की बस. रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून पाच मिनिटं तसंच धरून ठेवा, थांबतं. महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरेल. आतापासून रोज पंजे हातात घ्यायची, बोटांमध्ये बोटं घालायची सवय लावा, म्हणजे मोठं झाल्यावर चार माणसांनी धरावं लागणार नाही.

कापून टाकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नुसतं दिसायला बरं दिसत नाही म्हणून कापू नका. "काढून टाक ना बे, काहून ठेवून राहिला," असं म्हणणारे भेटतीलच. कुणी बोटाला दोरा किंवा रबर बांधायला सांगेल, दोन दिवसांत आपोआप गळून पडेल म्हणेल. रक्तपुरवठा तोडला की बोट सडतं. ते गळेपर्यंत पिल्लू वेदनेनं तडफडतं आणि जंतुसंसर्ग वर चढू शकतो. कात्रीनं कापणं तर त्याहून वाईट. हा निव्वळ छळ आहे. प्राण्याला विनाकारण वेदना देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानंही गुन्हा ठरतं.

परदेशात काही पैदासकार जन्मानंतर पहिल्या तीन-पाच दिवसांतच ही बोटं काढून घेतात. तुमच्या पिल्लाची ती वेळ केव्हाच गेलीय. आता काढायचं तर पूर्ण भूल देऊन छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. उजव्या पायाचं लोंबतं बोट वारंवार दुखावलं जात असेल, नख पुन्हा पुन्हा उचकटत असेल, किंवा तिथे गाठ, सूज दिसत असेल, तर ती करून घेणं योग्यच. पण घाईची गरज नाही. पुढे नसबंदी कराल तेव्हा भूल द्यावीच लागणार आहे, त्याच वेळी डॉक्टर तेही काढून देऊ शकतात. एका भुलीत दोन कामं होतात. पुढच्या पायांच्या अंगठ्यांना मात्र हात लावू देऊ नका. त्यांना हाड आहे, सांधा आहे, स्नायूंच्या दोऱ्या आहेत. कुत्रं भरधाव पळताना वळतं तेव्हा मनगट खाली झुकतं आणि तो अंगठा जमिनीला टेकून पकड देतो. हाड चघळताना दोन पंजांत कसं धरतं बघा, तिथेही तोच कामाला येतो.

आता वीस नखांची गोष्ट. मी दोन्ही तऱ्हेचं ऐकलंय. कुणी म्हणतं वीस नखी कुत्रा राखणीला पक्का, शुभ. कुणी म्हणतं त्याचं नख विषारी, घरात नको. पहिल्या समजानं पिल्लाचं नुकसान होत नाही, पण दुसऱ्यापायी पिल्लं परत केली जातात, रात्री कुठेतरी सोडून दिली जातात, याचा मला मनापासून राग येतो. नखात विष नसतं. भीती असते ती रेबीजची. तो विषाणू लाळेतून पसरतो आणि नखं अठरा असोत की वीस, लस न घेतलेल्या कुठल्याही कुत्र्याला तो होऊ शकतो. म्हणून काकांना इतकंच सांगा: अनोळखी कुत्रं चावलं किंवा त्याच्या नखानं ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी मेयो किंवा मेडिकल या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. हळद-चुना लावून बसायचं नाही. आणि तुमच्या पिल्लाला तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यायची.

त्याआधी, याच आठवड्यात, पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजारावरच्या लसीचं बघा. तुमच्याकडची सगळी काळजी मला त्या लसीकडे वळवायची आहे. जादा बोटानं पिल्लू दगावलेलं मी पाहिलेलं नाही, पार्वोनं दगावलेली मात्र खूप पाहिली आहेत. संध्याकाळपर्यंत खेळणारं पिल्लू रात्री उलट्या करायला लागतं, मग रक्ताचे जुलाब होतात आणि ते हातचं जातं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत देतात, नंतर डॉक्टर सांगतील तसे तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस. तुमचं पिल्लू नेमकं त्या वयाचं आहे.

सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1958 पासूनचं, तिथल्या दवाखान्यात न्या किंवा घराजवळचे डॉक्टर गाठा. मानेवाड्याहून सेमिनरी हिल्स लांब पडतं, सकाळी लवकर निघा. पिल्लाला टोपलीत किंवा मांडीवरच ठेवा, दवाखान्याच्या फरशीवर उतरवू नका, तिथे आजारी कुत्री येऊन गेलेली असतात. लस झाल्यावर डॉक्टरांना मागची दोन्ही बोटं चाचपून बघायला सांगा आणि उजव्या बोटात हाड आहे का ते विचारा. पाय मुळातच वाकडे वाटत असतील, चालताना मागचा भाग डुलत असेल, तर तेही त्यांच्या कानावर घाला, कारण तो प्रश्न बोटांपेक्षा वेगळा आहे. पहिल्यांदा नख त्यांनाच कापून दाखवायला सांगा आणि शेजारी उभं राहून नीट बघून घ्या. पुढच्या महिन्यापासून तुम्हालाच कापायचं आहे.