र, ख राहू दे, आधी आघात

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

वाक्य व्याकरणात चोख असतं, तरी समोरचा रशियन माणूस पुन्हा विचारतो, आणि मग तू रात्री 'र' आणि 'ख' घोटत बसतेस, असं तुझ्या पत्रातून कळलं. मेहनत खरी आहे, पण ती भलत्या जागी चालली आहे. तुझा 'र' थोडा वेगळा आला म्हणून कुणाचं अडत नाही. आघात, म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावरचा जोर, चुकला की मात्र शब्दच हरवतो.

आपण मराठीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचं माप देतो. रशियनमध्ये एकच अक्षर सगळा जोर घेतं आणि बाकीचे स्वर आक्रसतात. 'चांगलं' या अर्थाचा शब्द लिहितात 'खोरोशो', पण तीन 'ओ'पैकी फक्त शेवटचा 'ओ' म्हणून ऐकू येतो. मधला 'आ'कडे झुकतो आणि पहिला तर आपल्या 'अ'हूनही निसटता. अलेक्सांद्र पोतेब्न्या या १९व्या शतकातल्या भाषाशास्त्रज्ञाचं एक सूत्र आहे: आघाताच्या अक्षराला ३, त्याच्या लगेच आधीच्याला २, बाकीच्यांना १. 'ख-र-शो' हे १-२-३ असं टाळी देत म्हणून बघ. टाळी 'शो'वर जोरात, आधीच्या दोन हलक्या. नवा शब्द शिकताना आधी नुसतं हे माप म्हण, ध्वनी नंतर. (उत्तर रशियात, वोलोग्दाच्या बाजूला, जुन्या बोलीत आघात नसलेला 'ओ'ही शाबूत राहतो. पण आघात जिथे हवा तिथेच पडतो, म्हणून त्या बोलणाऱ्याचं म्हणणं सगळ्यांना कळतं.)

अडचण ही, की नेहमीच्या छापील मजकुरात आघाताची खूणच नसते. रशियन लिपीतली तीच पाच अक्षरं 'ज़ामक' म्हटलीस तर किल्ला, 'ज़मोक' म्हटलीस तर कुलूप. शिवाय आघात जागा बदलतो: 'रुका' म्हणजे हात, आघात शेवटी, कर्म झाला की 'रूकु', आघात पहिल्यावर. म्हणून आघाताची खूण देणारा शब्दकोश हाताशी ठेव आणि ती खूण केल्याशिवाय एकही शब्द वहीत उतरवू नकोस. दोन टिंबांचं 'यो' अक्षर दिसलं तर आघात जवळजवळ नेहमी त्याच्यावरच; मात्र छापताना ती टिंबं बहुतेकदा गाळतात, तेव्हा सावध राहा.

आणि वहीत देवनागरी नको. या पत्रात मी रशियन शब्द देवनागरीत लिहिते आहे ते केवळ तुला वाचता यावेत म्हणून. 'उड्डाण' आणि 'ओतेल' हे रशियनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. देवनागरीत दोन्ही 'पल्योत' होतात. पहिल्यात 'ल' नुसता मृदू आहे, दुसऱ्यात मृदू 'ल'नंतर खराखुरा 'य' येतो. आपल्या जोडाक्षराची सवय हा फरक गिळून टाकते. मृदू व्यंजन म्हणजे व्यंजनाला 'य' जोडणं नव्हे. जिभेचा मधला भाग 'ई' म्हणताना असतो तसा टाळूकडे उचलून ठेव आणि त्याच अवस्थेत 'त' म्हण, मागे स्वर न लावता. 'ब्रात' कठोर, म्हणजे जीभ तशी न उचललेल्या, 'त'ने संपला तर भाऊ, मृदू 'त'ने संपला तर 'घेणे'. या जोड्या आधी ऐक, डोळे मिटून कुठला शब्द आला ते ओळख. कान ओळखायला लागेपर्यंत तोंडाला घाई करू नकोस. जे कानाला वेगळं वाटत नाही ते जिभेतून वेगळं निघत नाही, हे मी शिकणाऱ्यांत वारंवार पाहिलं आहे.

'असणे' आणि 'मारणे' या अर्थांच्या रशियन क्रियापदांत पहिल्यातला 'ब' कठोर, दुसऱ्यातला मृदू, आणि त्यापुढचा स्वरही वेगळा. 'असणे'मधला तो स्वर आपल्याकडे नाही. 'ऊ' म्हण, जीभ मागे तशीच राहू दे, आणि फक्त ओठ फाकव. जे येईल ते बरंचसं बरोबर असेल.

मराठीने तुला पुष्कळ काही आयतं दिलंय. 'चाक'मधला 'च' रशियनमध्ये आहे, 'चार'मधलाही जवळपास आहे, आणि दोघांसाठी स्वतंत्र अक्षरं आहेत. 'प', 'त', 'क' हवा न सोडता म्हणायला इंग्रजी बोलणाऱ्याला शिकावं लागतं, तुला नाही. कठोर 'ल'साठी मात्र 'ळ' वापरायचा मोह आवर. जिभेचं टोक दातांपाशीच हवं, जड होते ती जिभेची मागची बाजू.

ओळखीच्या शब्दांची मला जास्त धास्ती वाटते. 'टेलिफोन', 'स्टुडंट' हे आपल्याकडे इंग्रजीमार्गे आले, 'ट' आणि 'ड' घेऊन. रशियनमध्ये 'ट' नाहीच; 'तिलिफोन', आघात शेवटी, आणि 'स्तुद्येंत'. असे शब्द पूर्ण परके समजून नव्याने शिक.

शब्दाच्या शेवटचा 'ग' 'क' होतो, 'द' 'त' होतो, 'येगो' लिहून 'यिवो' म्हणतात. हे नियम पुस्तकात आहेत, वाचून होतील.

सूर मात्र पुस्तकातून येत नाही. 'ओन दोमा' म्हणजे 'तो घरी आहे', आणि 'तो घरी आहे का?' हेही त्याच दोन शब्दांनी विचारतात. आपल्या 'का'सारखा शब्द लागत नाही. सगळा प्रश्न सुरात असतो. आपण सवयीने शेवट उंचावतो, तिथे 'दो'वर सूर एकदम वर उडतो आणि 'मा'वर खाली कोसळतो. मॉस्को विद्यापीठाच्या येलेना ब्रिज़गुनोवा यांनी रशियन सुरांचे ७ नमुने मांडले, त्यातला हा तिसरा. सध्या फक्त पहिला, म्हणजे साधं विधान, आणि हा तिसरा घे. एकच वाक्य दोन्ही सुरांत आलटून पालटून म्हण, मूळ रशियन आवाजासोबत, त्याच्या पाठोपाठ नव्हे. हे दोन पक्के झाले की दुसऱ्याकडे, 'कोण', 'कुठे', 'कधी'च्या प्रश्नांकडे वळ.

तुझ्या,
बाई