सुझोउमधला दुप्पट पगार: सही करण्याआधी

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. चीनमधल्या सुझोउ इंडस्ट्रियल पार्कमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. पत्नी आणि दोन मुलं सोबत, मोठी मुलगी पाचवीत, धाकटा पहिलीत. आज पगार महिना ४५ हजार युआन. १२ हजारांचं घरभाडं आणि दोघांच्या इंटरनॅशनल स्कूलची वर्षाची ४ लाख युआन फी कंपनी भरते. १ जुलै २०२६ पासूनच्या तीन वर्षांच्या नव्या करारात भाडं आणि फी बंद होणार, त्याऐवजी सरसकट ९५ हजार युआन पगार. "पगार दुपटीहून जास्त होतोय. वाढलेल्या पैशांतून बाणेरला १ कोटी ६० लाखांचा फ्लॅट बुक करावा म्हणतो. घरात सगळे खूश आहेत. तुमचं मत?"

तुमच्या घरातला आनंद मला मोडायचा नाही, पण आधी आकडे मांडू. सामाजिक विम्याची कपात दोन्हीकडे जवळपास सारखीच असल्यामुळे ती बाजूला ठेवतो, आणि एका युआनला १२ रुपये धरतो.

आज वर्षाचा पगार ५ लाख ४० हजार युआन. चीनमधली ६० हजारांची मूळ वजावट काढली की त्यावर कर ९१,०८०. भाडं आणि फी मिळून ५ लाख ४४ हजार युआन तुम्हाला मिळतात, आणि त्यावर शून्य कर. परदेशी कर्मचाऱ्याचं घरभाडं, मुलांचं शिक्षण आणि भाषाशिक्षण कंपनीने थेट भरलं किंवा पावतीवर परत दिलं, तर ते तिथे करमुक्त असतं. रोख हातात दिलं की तो पगार झाला. तुमच्या प्रश्नाची मेख इथेच आहे.

नव्या करारात पगार ११ लाख ४० हजार. त्यातल्या ९ लाख ६० हजारांपलीकडच्या करपात्र उत्पन्नावर ४५ टक्के कर लागतो, त्यामुळे एकूण कर ३,०४,०८० युआन. म्हणजे पगार ६ लाखांनी वाढला, कर २ लाख १३ हजारांनी वाढला, हातात आले ३ लाख ८७ हजार. आणि खिशातून जाणार ५ लाख ४४ हजार. वर्षाला १ लाख ५७ हजार युआनची खोट, जवळपास १९ लाख रुपये. भत्ते नसले तर मुलामागे महिना २ हजार युआनची शिक्षणाची वजावट मिळते. तीही धरली तरी कर २१,६०० युआननेच कमी होतो.

महिन्याच्या हिशेबात हे जास्त बोचतं. तुम्ही पाठवलेल्या जमाखर्चात हातात ३५ हजारांच्या आसपास येतात, २१ हजार खर्च होतात आणि १४ हजार उरतात. नव्या करारात यातले १३ हजार जातील. पगार दुप्पट आणि शिल्लक महिना हजार युआन! आणि शाळेची फी जसजशी वरच्या वर्गात जाल तसतशी चढते. ती वाढ आजवर कंपनीची डोकेदुखी होती, आता तुमची होईल. एचआरला सरसकट आकडा का आवडतो, हे यावरून लक्षात यावं.

मग नकार द्यायचा का? नाही. रक्कम तीच मागा, फक्त मांडणी बदलून घ्या. कंपनी ११ लाख ४० हजार खर्च करायला तयार आहेच. त्यातले ५ लाख ४४ हजार तिने भाडं आणि फी म्हणून थेट भरावेत, उरलेले ५ लाख ९६ हजार पगार म्हणून द्यावेत. कर होतो १,०७,८८०. कंपनीचा पैसा तेवढाच, पण कर, भाडं आणि फी जाऊन तुमच्याकडे रोख पर्यायापेक्षा वर्षाला १ लाख ९६ हजार युआन जास्त उरतात. साडेतेवीस लाख रुपये, नुसत्या कागदाच्या मांडणीचे.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला फापियाओचा. करखात्याची ही अधिकृत पावती नसेल तर भत्ता करमुक्त ठरत नाही. शाळा ती देते, घरमालक मात्र कुरकुरतात, 'पावती हवी तर भाडं वाढवा' म्हणतात. म्हणून भाडेकरार कंपनीच्या नावे करून घ्या. 'या यी फू सान', म्हणजे एका महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, ही रक्कमही मग कंपनीची अडकेल.

दुसरा मुदतीचा. ही करसवलत सध्या ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतच आहे. ती २०२१ अखेर संपणार होती, मग २०२३ पर्यंत वाढली, नंतर २०२७ पर्यंत. पुन्हा वाढेलही, पण तुमचा करार जून २०२९ पर्यंतचा आहे. तेव्हा 'सवलत संपल्यास वाढीव कर कंपनी सोसेल किंवा पगाराची फेरबोलणी होईल' असं एक वाक्य करारात घालून घ्या. मी तुमच्या जागी असतो तर पगार पाचशे युआनने कमी घेतला असता, पण हे वाक्य सोडलं नसतं.

आता बाणेरचा फ्लॅट. तुमच्या एनआरई ठेवी (अनिवासी भारतीयांच्या रुपयांतल्या ठेवी) ६५ लाख. फ्लॅटला १ कोटी २० लाख कर्ज काढलं तर ४० लाख पदरचे, वर बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी आणि ७ टक्के स्टँप ड्युटी मिळून सुमारे १९ लाख. गंगाजळी उरते ६ लाखांची. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता महिना १ लाख ४ हजार रुपये. आजच्या शिल्लकेतून (१ लाख ६८ हजार) तो बसतो, हे खरं. पण तुमचा वर्क परमिट या एका कंपनीशी बांधलेला, आणि बायको-मुलांचा तिथला मुक्काम तुमच्या परमिटवर. नोकरी गेली तर पगार, घर, शाळा आणि व्हिसा एकदमच हलतात. अशा घराने ६ लाखांवर रात्री झोपू नये. वहिनींचे ऑनलाइन योगवर्गही उत्पन्नात धरू नका. कुटुंब म्हणून मिळालेल्या परवान्यावर तिथे काम करता येत नाही, आणि काही हजार युआनसाठी सगळ्यांचं राहणं धोक्यात घालण्यात अर्थ नाही. (तुमच्याकडे कामाला येणाऱ्या 'आयीं'ना, म्हणजे चिनी मावशींना, मुलं 'आई' म्हणतात म्हणून वहिनी वैतागतात, हे वाचून मात्र खूप हसलो.)

माझं मत: फ्लॅट दोन वर्षं थांबवा. मुलगी जून २०२९ मध्ये आठवी संपवून परतेल. नववीत इथल्या बोर्डात घालायची तर परतायला तीच योग्य वेळ, आणि घराचा ताबाही तेव्हाच लागणार आहे. तोवर सहा महिन्यांचा खर्च युआनमध्ये तिथेच ठेवा. बाकी पगार दर तिमाहीला श्रम करार आणि कर भरल्याचा दाखला दाखवून बँकेतून डॉलरमध्ये बदला आणि भारतात पाठवा. साठवून एकदम पाठवू म्हणणारे बरेच जण कंपनी सोडल्यावर कागदपत्रांच्या मागे धावतात. अर्धी रक्कम एनआरईत, अर्धी डॉलरच्या एफसीएनआर ठेवीत, म्हणजे परकीय चलनातच राहणाऱ्या ठेवीत ठेवा.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. चीनमध्ये सलग सहा वर्षं, दर वर्षी १८३ दिवस किंवा जास्त राहिलात आणि मधे एकदाही सलग ३० दिवसांहून जास्त बाहेर गेला नाहीत, तर सातव्या वर्षापासून जगभरातल्या उत्पन्नावर तिथे कर लागतो. २०२० मध्ये चिनी नववर्षाच्या सुट्टीला पुण्यात येऊन अडकलात आणि ऑगस्ट २०२२ मध्ये परतलात, त्यामुळे तुमची मोजणी २०२३ पासून सुरू होते. २०२८ संपेपर्यंत एकदा ३५ दिवस सलग भारतात या. दरवर्षी तुम्ही पंधरा-सोळा दिवसांत परतता, बायको-मुलं दीड महिना राहतात. पण त्यांचं राहणं तुमच्या मोजणीत येत नाही. करार पुढे वाढला आणि ही सुट्टी राहून गेली, तर भारतात करमुक्त असलेल्या एनआरई व्याजावरही तिथे २० टक्के कर बसेल.

कायमचे परतताना निवृत्तिवेतनाच्या वैयक्तिक खात्यात तुमच्या पगारातून जमा झालेले ८ टक्के अर्ज करून काढून घ्या. कंपनीचा वाटा मिळत नाही, आणि भारत-चीनमध्ये सामाजिक सुरक्षा करार नसल्यामुळे ही कपात टाळताही येत नाही.

एचआरशी बोलताना 'पगार कमी वाटतो' असं म्हणू नका, 'एकूण खर्च तोच ठेवून मांडणी बदलता येईल का' असं विचारा. मसुदा आला की चिनी प्रतही मला पाठवा. वाद झाला तर बहुधा तीच धरली जाते.