हेतू पटतो, मसुदा पटत नाही: आमदारांना काय सांगावं?

प्रश्न : एका विधेयकाचा हेतू आमच्या सोसायटीत सगळ्यांना पटतो, पण मसुदा अगदी ढिसाळ आहे. तरी आमदारांना ‘विरोध करा’ म्हणणं दुटप्पीपणाचं नाही का? (मुलुंड)

मुळीच नाही. कायदा कोर्टात पडला तर नुकसान हेतू पटणाऱ्यांचंच होतं. डान्सबारबंदी आठवा. जुलै २००५ मध्ये विधिमंडळाने मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमं एकमताने घातली. बारपायी घरं बसली, असं सांगणाऱ्या बायकांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण ३३अ ने बारमधला नाच बंद केला आणि ३३ब ने तोच नाच तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांत, जिमखान्यांत चालू ठेवला. आक्षेप नाचाला आहे की बघणाऱ्याच्या हलक्या खिशाला, हे कलमांवरून कळेना! २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. २०१४ मध्ये सूट काढून पुन्हा बंदी आणली, तीही चर्चेविना. पुढच्या वर्षी तिलाही स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये तिसरा कायदा आला आणि २०१९ मध्ये त्यातल्याही बऱ्याच अटी गळाल्या.

२००५ मध्ये कुणी आमदार उठून ‘बंदी हवी, पण ३३ब नको’ म्हणाला असता, तर बारवाल्यांचा माणूस ठरला असता. तुमच्या आमदारांनाही असं काहीबाही ऐकावं लागेल. तेव्हा आम्ही मागे उभे आहोत, हे त्यांना आधीच लेखी कळवा.

प्रश्न : आमचे आमदार म्हणतात, ‘व्हिप आहे, हात बांधलेले आहेत.’ (दादर)

अर्धं खरं. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार (पक्षांतरबंदी) व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. पण व्हिप मतदानापुरता असतो. सभागृहात आक्षेप नोंदवणं, विधेयकाच्या एखाद्या खंडावर (कलमावर) सुधारणा सुचवणं, विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवा म्हणणं, यांपैकी कशानेही आमदारकी जात नाही. फार तर पुढच्या खेपेचं तिकीट जाईल. खरी भीती तीच असते, आणि ती तशी कबूल केली तर निदान बोलणं तरी पुढे सरकतं.

प्रश्न : पत्रात नेमकं काय लिहू? (भांडुप)

‘हे काळं विधेयक मागे घ्या’ एवढंच लिहू नका. एकदा मी एका आमदारांच्या पीएंना टपाल निवडताना पाहिलं. घोषणा असलेली पत्रं एका गठ्ठ्यात, खंड क्रमांक असलेली साहेबांच्या फाइलीत. फाइलीत दोनच होती. म्हणून खंडाचा आकडा, त्यातले आक्षेपार्ह शब्द जसेच्या तसे, ते उद्या कुणाला लागू होतील याचं एक उदाहरण आणि त्या जागी हवे असलेले शब्द लिहा. एक पान पुरे.

उदाहरण साधं द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ६६अ मध्ये ‘त्रास’, ‘गैरसोय’ असे शब्द होते. २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर एकीने लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, तेव्हा ते कलम लावलं होतं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलमच रद्द केलं. पण अटक व्हायची ती होऊन गेली होती.

प्रश्न : बहुमत असेल तर विधेयक मंजूर होणारच. मग कशाला लिहायचं? (गिरगाव)

महाराष्ट्राचं जनसुरक्षा विधेयक (बेकायदा कृत्यं करणाऱ्या संघटनांना आळा घालणारं) बघा. २०२४ मध्ये आलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि तिच्याकडे बारा हजारांवर सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालंच. पण मसुद्यातल्या ‘व्यक्ती आणि संघटना’ जाऊन ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ आल्या आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षकाकडे गेला. ‘तत्सम’ हा मोघम शब्द मात्र त्यात आलाच. माझं पुढचं पत्र त्या शब्दाबद्दल आहे.